कॅमेरा कपाटावर, पोरं कडेवर

‘मुलं जरा मोठी झाली की मग बघू.’

गेल्या काही वर्षांत माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य समोरच्या खुर्चीतून इतक्या वेळा आलंय की त्याच्या मागोमाग येणारं दुसरं वाक्य मला आधीच ऐकू येतं : ‘पण तोवर माझ्यात काही उरेल का?’ बोलणारी कधी गाणारी असते, कधी कथक शिकलेली, कधी चित्रकलेची पदविका घेऊन शाळेत शिकवणारी. अलीकडे फोटोग्राफी करणाऱ्या मुली जास्त येतात. गाणारीला पोळ्या लाटताना निदान गुणगुणता येतं. छायाचित्रकारणीला प्रकाश लागतो, आणि चांगला प्रकाश म्हणजे सूर्य उगवल्यावर तासभर आणि मावळण्याआधी तासभर. नाशकात डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या आसपास उगवतो. नेमकी तीच वेळ डब्याची, वेणीची, न सापडणाऱ्या मोज्याची आणि खाली हॉर्न वाजवणाऱ्या रिक्षावाल्या काकांची. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवा, असं शासनाने २०२४ साली सांगितलं खरं, पण सगळ्याच शाळांनी ते मनावर घेतलंय असं दिसत नाही. संध्याकाळचा तास किरकिरीचा. सूर्याने आणि शाळेने संगनमत करून या बायकांना पेचात पकडलंय, असं मला कधीकधी वाटतं.

बाप असलेले फोटोग्राफरही येतात, नाही असं नाही. त्यांची तक्रार निराळी असते : ‘घरचे समजून घेत नाहीत.’ लग्नाची दाट तिथी आली की हे लोक आठवडे-आठवडे घरी फक्त झोपायला जातात आणि घरात त्याला ‘कामावर गेलाय’ म्हणतात. आईने रविवारी सकाळी कॅमेरा गळ्यात अडकवला की ती ‘हौस’ होते. ही तफावत मी समुपदेशनाने मिटवू शकत नाही. तिच्या कचाट्यात राहून माणसाने स्वतःचं डोकं कसं शाबूत ठेवायचं, तेवढं मात्र शिकवू शकते.

मानसीची गोष्ट त्यासाठीच सांगते आहे. हे नाव खरं नाही. तपशीलही बदललेत, दोन-तीन जणींचे अनुभव तिच्यात मिसळलेत, आणि जिचा यात मोठा वाटा आहे तिने मजकूर वाचून ‘छापा’ म्हटलंय.

मानसी चौतिशीची. माहेर निफाड तालुक्यातलं, सासर पंचवटीत, मालेगाव स्टँडपासून चालत जाण्याच्या अंतरावर. मुलगी दुसरीत, मुलगा तीन वर्षांचा. नवरा नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये. घरात सासू-सासरे. ती डोहाळजेवणं, बारशी, पहिले वाढदिवस यांचे फोटो काढून चार पैसे मिळवते आणि ते काम चांगलं करते. आली ती मात्र फोटोग्राफीचं काही विचारायला आली नव्हती. लेकीने लेन्सच्या काचेला बोटं लावली म्हणून तिने लेकीला फटका मारला होता, आणि तो फटका तिच्या स्वतःच्याच मनातून जात नव्हता.

“तुम्ही नेमकं कधी मारलंत?” मी विचारलं.

“मॅडम, मला अगं-तूगं करा. ‘तुम्ही’ म्हटलं की पालकसभेत बसल्यासारखं वाटतं.”

बरं, म्हटलं. मग तिने सांगितलं. त्या दिवशी तिने तीन महिन्यांनी कॅमेरा कपाटावरून खाली काढला होता. बॅटरी चार्ज केली होती, लेन्स पुसली होती. तेवढ्यात धाकटा उठला. त्याला थोपटून येईतो लेकीने लेन्स हातात घेतलेली. “मला वाटलं, आता हे पण तुम्हालाच पाहिजे का?”

हे ‘पण’ मी कागदावर टिपून ठेवलं आणि विषय तिथेच सोडला. पहिल्याच भेटीत माणसाच्या वाक्यावर झडप घालायची नसते.

पुढच्या एका भेटीत तिने जो हिशेब मांडला तो नाशिककराशिवाय कुणाला सुचायचा नाही. “२०१५च्या सिंहस्थात मी चोवीस वर्षांची होते. लग्न नाही, मूल नाही, हातात नवा कॅमेरा. तिन्ही शाही स्नानांना घाटावर होते. आता ३१ ऑक्टोबर २०२६ला ध्वजारोहण आहे, २ ऑगस्ट २०२७ला पहिलं अमृतस्नान, म्हणजे पूर्वीचं शाही स्नान. तेव्हा मुलगी चौथीत, मुलगा पाचाच्या आत. गर्दीत दोघांना घेऊन जायचं म्हणजे वेडेपणा आणि सोडून जायचं म्हणजे पाप. तो हुकला की पुढचा २०३९ला. तेव्हा मी अठ्ठेचाळीस वर्षांची.”

“२०२७चा हुकला, तर काय होईल?”

“संपलं.”

“काय संपलं?”

ती बराच वेळ पदराशी चाळा करत बसली. मग म्हणाली, “मी. मग मी फक्त डबे भरणारी बाई.”

“डबे भरणारी बाई काय वाईट असते?”

या प्रश्नावर ती माझ्यावर चिडली. चिडलेली मला बरी वाटली, कारण रडणाऱ्या माणसापेक्षा चिडलेल्या माणसाबरोबर काम लवकर पुढे सरकतं.

माझी बैठक अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीची आहे. एलिस यांनी ती १९५५च्या सुमारास अमेरिकेत मांडली आणि मराठी माणसाच्या दारात आणण्याचं मोठं श्रेय कि. मो. फडके यांचं. या पद्धतीला जुनी म्हणून नाकं मुरडणारे तरुण सहकारी मला भेटतात. मुरडोत. तिचं सांगणं साधं आहे. आपल्याला दुःखी करायला प्रसंग एकटा पुरत नाही. त्या प्रसंगाला आपण आतून जो हुकूम सोडतो, त्याचा वाटा मोठा असतो. मानसीला सिंहस्थ टिपायचा होता, ही इच्छा. सुंदर इच्छा. पण तिच्या आत त्या इच्छेने केव्हाच हुकमाचं रूप घेतलं होतं : सिंहस्थ मला मिळायलाच हवा, तोही पूर्ण, तोही कुणी आडवं न येता, तसा मिळाला नाही, तर मी कलावंत नव्हेच. आणि त्याच वेळी शेजारी दुसरा हुकूम ठाण मांडून बसला होता : चांगल्या आईच्या मनात मुलांजवळ असताना दुसरं काही येताच कामा नये. हे दोन्ही हुकूम एकाच घरात पाळता येत नाहीत. कॅमेरा घेतला की दुसरा हुकूम मोडतो, मुलांना घेतलं की पहिला. दिवसभर कुठला ना कुठला मोडलेलाच. मग राग सर्वांत जवळ असलेल्या सर्वांत लहान माणसावर निघतो. लेकीचा फटका तिथून आला होता.

ही गोष्ट मी तिला अशी भाषण देऊन सांगितली नाही. तिच्याच वाक्यांमधून ती आमच्या समोर यायला काही आठवडे गेले. इथे एका परिच्छेदात बसवली आहे, एवढंच.

अठ्ठेचाळिशीचा बाऊ मात्र एका बैठकीत उतरला. मी तिला ज्युलिया मार्गारेट कॅमेरनबद्दल सांगितलं. जन्म कोलकात्याचा, १८१५चा. व्यक्तिचित्रांच्या इतिहासात आज तिचं नाव आदराने घेतात. तिला पहिला कॅमेरा मिळाला १८६३च्या डिसेंबरात, मुलीने आणि जावयाने भेट दिला म्हणून. त्या वेळी तिचं वय अठ्ठेचाळीस.

मानसी हसली. “तिच्या घरी नोकरचाकर असतील.”

“होते.”

“मग?”

“मग काही नाही. अठ्ठेचाळीस या आकड्यावर मृत्युलेख लिहिलेला नाही, एवढंच दाखवायचं होतं.”

उदाहरणांनी माणसं बरी होत नाहीत. झाली असती, तर मी रोज एक चरित्र वाचून दाखवलं असतं. उलट उदाहरणांचा चाबूक फार लवकर होतो. मानसीकडे असे दोन चाबूक होते. एक तिने स्वतः आणलेला : व्हिव्हियन मायर. शिकागोत लोकांची मुलं सांभाळत, त्यांना बरोबर घेऊन फिरत रस्त्यावरचे फोटो काढणारी, जिची निगेटिव्हज २००७मध्ये लिलावात कुणाच्या तरी हाती लागली आणि जग थक्क झालं. लाखाच्या वर होती ती. “तिला मुलं सांभाळून जमलं, मला का जमत नाही?” मी म्हटलं, बाई, ती मुलं दुसऱ्यांची होती. तिला त्याचा पगार होता, सुट्टीचा दिवस होता, आणि रात्री ती खोलीचं दार लावून घेऊ शकत होती. तुला यातलं काय आहे?

दुसरा चाबूक सासऱ्यांचा. नाशकात जन्मलेल्या प्रत्येक ज्येष्ठाच्या पोतडीत तो असतोच. “आमच्या त्र्यंबकच्या दादासाहेब फाळक्यांनी घरात पोरंबाळं असतानाच सिनेमा काढला की!” काढला. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये, १९१३ साली, त्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. नाशकात आल्यावर १९१९च्या ‘कालिया मर्दन’मध्ये लेक मंदाकिनी बाळकृष्ण झाली. पण कच्च्या फिल्मच्या कडांना भोकं पाडायला, रसायनं कालवायला आणि वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक रांधायला सरस्वतीबाई होत्या. सासरेबुवांना हे पुढचं वाक्य ऐकवायला मी मानसीला सांगितलं. तिने ऐकवलं. ते म्हणाले, “तेही खरंच,” आणि चहाचा कप स्वतः उचलून मोरीत ठेवला. एवढंच झालं. पण मला ते आवडलं.

फाळक्यांची एक गोष्ट मात्र मी अशा सगळ्या आयांना सांगते. ‘हरिश्चंद्र’च्या आधी त्यांनी घरातल्या कुंडीत वाटाणा पेरला आणि तो उगवताना रोज थोडं थोडं चित्रण करून एक छोटासा चित्रपट केला. भांडवल देणाऱ्यांची खात्री त्याने पटली. घरातल्या घरात, दिवसाला चिमूटभर काम, आणि तरी ते काम पुढे गेलं.

आता कळीची बैठक. मी तिला २०१५चे फोटो घेऊन यायला सांगितलं होतं. ती आधी दोनदा विसरली. विसरणं कसलं, टाळलं. तिसऱ्या वेळी लॅपटॉप घेऊन आली. फोल्डर उघडलं, तर शेकडो फोटो. जटा, राख, भगवं कापड, उडालेलं पाणी, चिलमीचा धूर, हत्तीच्या सोंडेएवढाल्या माळा. मला तरी छान वाटले. ती बोट दाबत भराभर पुढे जात होती आणि तिचा चेहरा उतरत होता.

“हे सगळ्यांकडे आहेत,” ती म्हणाली. “माझ्या शेजारी तीस जण उभे होते. तिसांनी हाच क्लिक केला.”

मी काही बोलले नाही.

“म्हणजे मुलं नव्हती, वेळ होता, सगळं होतं, आणि मी हे काढलं.”

इथे ‘नाही गं, चांगले आहेत’ असं म्हणायचा मोह फार होतो. मी जिभेवर ताबा ठेवला. गप्प बसणं हे आमच्या कामातलं सर्वांत अवघड काम, आणि त्या दुपारी ते मला नीट साधलं, हे मी थोड्या अभिमानाने सांगते.

ती पुढे जात राहिली. मग एका ठिकाणी थांबली. त्यात साधू नव्हता. पंचवटीतल्या कुठल्याशा जुन्या घराचा ओटा, ओट्यासमोर बांबूचं बॅरिकेड, आणि बॅरिकेडच्या आत हातात दुधाची किटली घेऊन उभी असलेली एक बाई. समोर रस्ता मोकळा, त्यापलीकडे दुधाचं दुकान उघडं. आणि बाईला बांबू ओलांडून जायची सोय नाही. चेहऱ्यावर भक्ती नाही, राग नाही. नुसतं ‘आता काय करावं’.

“हा मी काढलाय?” मानसी म्हणाली. मग हळूहळू तिला आठवलं. रामकुंडाकडे जाताना एका मिनिटाचा थांबा, कॅमेरा वर केला, खाली केला, पुढे गेली. घरी आल्यावर हा फोटो तिने कुणालाही दाखवला नव्हता. ‘कुंभ’ वाटत नव्हता म्हणून.

ती त्या फोटोकडे इतका वेळ बघत राहिली की मी उठून पंखा कमी करून आले.

“मॅडम, २०२७ला त्या बांबूच्या आत मी असेन. मला दूध लागेल, पोरीला शाळेला सुट्टी असेल, गल्लीत पाहुणे भरलेले असतील. माझ्या नवऱ्याला कारखान्यात जायला पास लागेल.” मग थोडी थांबून : “आतून फोटो कोण काढतं?”

“मला माहीत नाही. कोण काढतं?”

“कोणीच नाही. बाहेरून आलेले सगळे घाटावर असतात.”

अनेक वर्षं हे काम करूनही अशा क्षणी माझ्या अंगावर काटा येतो. तिच्या परिस्थितीत तसूभर फरक पडला नव्हता. मुलं तेवढीच, घर तेच, वेळ तेवढाच. पण ‘पूर्ण सिंहस्थ, कुणी आडवं न येता’ हा हुकूम तिच्या हातून खाली पडला होता, आणि मी तो हिसकावून घेतलेला नव्हता. ज्या जागेवर अडकलोय म्हणून ती रडत होती, ती जागा बाहेरच्या तीस जणांना मिळणारच नव्हती. हे तिला दिसलं. मला ते तिच्या आधी दिसलं होतं का? अर्धवट. बाकीचं अर्धं तिने दाखवलं.

तिथून पुढचं सगळं सोपं झालं असं वाचणाऱ्याला वाटेल. तसं झालं नाही, आणि खरं मार्गदर्शन लागतं ते या नंतरच्या काळातच.

उत्साहाच्या भरात मानसी घरातल्या मुलांचेच फोटो काढायला लागली. झोपेतून उठताना, जेवताना, रडताना. दोन आठवड्यांत लेकीने लेन्ससमोर तळहात धरला आणि म्हणाली, “आधी कॅमेरा ठेव, मग वेणी घाल.” मानसी हिरमुसून आली. मी म्हटलं, लेक बरोबर आहे. ‘मुलं आहेत ना, मग मुलांचेच फोटो काढा’ हा सल्ला मासिकांतून सर्रास दिला जातो आणि मला तो अर्धाच पटतो. मूल आपलं असतं, पण आपलं साहित्य नसतं. त्यांच्या घरात मग नियम ठरले. लेकीचं ‘नको’ अखेरचं. जेवताना, रडताना, आंघोळीच्या वेळी कॅमेरा नाही. शाळेच्या गणवेशातला किंवा घर-शाळा ओळखू येईल असा फोटो बाहेर कुठेही टाकायचा नाही, अगदी नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरसुद्धा विचारून. धाकटा तीन वर्षांचा, त्याला ‘नको’ म्हणता येत नाही; त्याच्या वतीने आईनेच जरा कंजूष व्हायचं.

दुसरा प्रश्न वेळेचा. तिचा नवरा सज्जन माणूस आहे. “मी कधी नाही म्हटलंय? जा की.” हे वाक्य मी डझनावारी नवऱ्यांकडून ऐकलंय, आणि प्रत्येक वेळी ते मनापासून म्हटलेलं असतं. पण ‘जा की’ म्हणजे परवानगी. वेळ त्यात येत नाही. मानसी रविवारी सहाला निघायची, तर पाचला उठून पोहे भिजवून, मुलांचे कपडे काढून, धाकट्याचं औषध चिठ्ठी लावून ठेवून. घाटावर पोचेपर्यंत ती दमलेली असायची. मी नवऱ्याला एकदा बोलावलं आणि एकच गोष्ट विचारली : “रविवारी उठल्याउठल्या मुलं पहिलं काय मागतात?” त्याने बायकोकडे पाहिलं. मी म्हटलं, तिच्याकडे नका बघू. त्याला सांगता आलं नाही. चांगला माणूस असल्यामुळे तो ओशाळला, आणि पुढच्या रविवारी त्याने ते स्वतः शोधून काढलं. (मोठीला आजोबांच्या ताटलीतली चहात बुडवलेली खारी, धाकट्याला कालचाच शर्ट.) आता रविवारी सहा ते साडेनऊ सगळं घर त्याचं असतं आणि मानसी आदल्या रात्री काहीही तयार करून ठेवत नाही. पहिले काही रविवार मुलांनी नाश्त्याला बिस्किटं खाल्ली. त्याने काही बिघडत नाही.

म्हणून ज्या-ज्या मला हे विचारतात त्यांना मी सांगते, घरच्यांकडे ‘थोडा वेळ’ मागू नका. थोडा वेळ कुणाला देता येत नाही, कारण तो कुठून कुठवर हे कुणाला माहीत नसतं. वार सांगा, तास सांगा, आणि त्या तासात कुठली कामं कोणाकडे जातील ते सांगा. पैशासाठीचं शूट या तासात घुसू देऊ नका. बारशाचे फोटो काढून आलेली बाई ‘आज कॅमेरा हातात घेतला होता की’ असं स्वतःला समजावते आणि स्वतःचं काम पुन्हा कपाटावर जातं. दोन्हींचा हिशेब वेगळा ठेवा.

मानसीला आठवड्यातली दुसरी वेळ बाजाराने मिळवून दिली. बुधवारी गोदाघाटावर आठवडे बाजार भरतो. सासूबाई धाकट्याला दीड तास सांभाळायला कबूल झाल्या, पण वर म्हणाल्या, “जातेच आहेस, तर कोथिंबीर, मेथी बघून आण.” मानसीला हे लागलं. इथे दोन रस्ते होते. ‘मी फोटो काढायला जातेय, भाजीला नाही’ असं ठामपणे सांगणं हा एक. तोही योग्यच. तिने दुसरा घेतला : पिशवी नेली. आणि महिन्याभरात तिच्या लक्षात आलं की कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या बाईकडे भाजीवाल्या मावश्या पाठ फिरवतात, पण मेथीची जुडी घासाघीस करून घेणाऱ्या बाईला ‘काढ गं, काढ’ म्हणतात. अर्थात सासूबाईंना हे माहीत असण्याची शक्यता नाही. की असेल? देव जाणे.

लहान मुलाला सोडून जाताना चोरून निघू नका. तो खेळात असताना पाय न वाजवता दार ओढून घेणं सोयीचं वाटतं, पण मग तो पुढचे आठ दिवस आईला बाथरूमपर्यंत सोडत नाही. तीन वर्षांच्या पोराला ‘दीड तासात येते’ कळत नाही. ‘आजीने खिचडी भरवली, तू माऊची गोष्ट ऐकलीस की आई आली,’ हे कळतं. आणि सांगितलं तसं या. प्रकाश कितीही सुंदर पडला असो, खिचडी झाली की यायचं. आई येते, हे एकदा त्याच्या मनात बसलं की तो जायलाही देतो.

मूल बरोबर असेल, तर घाटावर कॅमेरा पिशवीत. यात मी तडजोड ऐकून घेत नाही. व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की बाजूचं दिसत नाही. रामकुंडाच्या पायऱ्यांवर, शेवाळावर, पाण्याच्या काठाला तीन वर्षांचं मूल आणि फोटो काढणारी एकटी आई हे चित्र मला नको. दुसरं मोठं माणूस फक्त मुलासाठी असेल तरच.

सणांना आधी ठरवा, ऐनवेळी नको. होळीनंतर धूलिवंदनाला आपल्याकडे नाशकात वीर नाचवतात, मुलांना देवांचा वेश देऊन वाजतगाजत रामकुंडावर नेतात. मानसीच्या धाकट्याला कृष्ण केला होता. घरात बोलून ठरलं की वीर रामकुंडाहून परत येईपर्यंत ती फक्त आई, फोटो दिराने मोबाइलवर काढायचे. त्यांतले निम्मे हलले, चालतंय. रंगपंचमीला उलट. तिवंध्याच्या रहाडीवर, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदावर, ती कॅमेऱ्याला प्लॅस्टिक गुंडाळून दोन तास उभी होती, त्यात धप्पा म्हणजे उडी मारणाऱ्यांचे फोटो काढत, आणि मुलं बापाबरोबर रंगून निघत होती. त्या दोन तासांत तिला एकदाही अपराधी वाटलं नाही, असं ती म्हणाली. माझा विश्वास बसला नाही, आणि मी तसं सांगितलं.

कारण अपराधी वाटणार. ‘ते वाटणं थांबवायचं कसं’ असं मला सगळ्या विचारतात. ते थांबवायचं नाही. ‘आज त्याला माझी आठवण आली, मी नव्हते, मला वाईट वाटलं,’ हे वाईट वाटणं निरोगी आहे. त्यातून संध्याकाळी त्याच्याजवळ दहा मिनिटं जास्त बसावंसं वाटतं. ‘मी वाईट आई आहे,’ यातून काहीच करावंसं वाटत नाही, फक्त मुलाला चिप्सचं पाकीट आणलं जातं. कृती तपासा, अख्ख्या माणसाचा निकाल लावू नका, असं एलिस आयुष्यभर सांगत राहिले. लेकीला मारलेल्या फटक्याचंही आम्ही हेच केलं. मानसीने लेकीला जवळ घेऊन सांगितलं की मारणं चुकलं, आणि लेन्सला बोटं का लावायची नाहीत ते दाखवलं. मग जुन्या, बुरशी आलेल्या लेन्सवर तिला मनसोक्त बोटं उमटवू दिली.

एडिटिंगबद्दल एक. मुलांचा राग बहुतेक वेळा फोटो काढण्यावर नसतोच, नंतर तासन्‌तास पडद्याकडे बघण्यावर असतो. कॅमेरा हातात असलेली आई निदान त्यांच्या जगाकडे बघत असते. मोबाइलवर फोटो निवडणारी आई तिथे असून नसते. मुलं जागी असताना निवड, रंग, पोस्ट, लाइक्स काही नको. पंधरा दिवसांतून एकदा, रात्री, ठरवून बसा. चार-पाच फोटो ठेवा, त्यांच्या साध्या प्रिंट काढा. स्टुडिओवाले काही रुपयांत काढून देतात.

आणि हे शेवटचं वाचताना घाई करू नका. कॅमेरा कपाटावर पडलाय, गाणं बंद आहे, कशातच मन लागत नाही, मूल झोपलं तरी झोप येत नाही, किंवा पडून राहावंसं वाटतं, रडू आवरत नाही, मुलाजवळ जाण्याचीच भीती वाटते, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर तो वेळेच्या नियोजनाचा प्रश्न नाही. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात तर मुळीच नाही. मनोविकारतज्ज्ञांना भेटा. घरातून निघणं अवघड असेल, तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, त्यावर मराठीतूनही बोलता येतं. छंद जोपासण्याचे सल्ले, माझे हे धरून, नंतर वाचले तरी चालतील.

मानसी आता महिन्यातून एकदा येते. पंचवटीतल्या पाच-सहा घरांत तिची ये-जा सुरू झाली आहे. सिंहस्थात कोणाकडे किती पाहुणे येणार, कोण खोली भाड्याने देणार, कोणाच्या ओट्यासमोर २०१५ला बांबू आले होते, हे ती आत्तापासून विचारून ठेवते आहे. किटलीवाली बाई अजून सापडलेली नाही. जूनमध्ये धाकट्याची शाळा सुरू होईल, नवऱ्याची शिफ्ट बदलायची आहे, म्हणजे रविवारची घडी विस्कटणार हे नक्की. घडी पुन्हा बसवायला दोघंही जुलैच्या पहिल्या आठवड्यात यायचे आहेत, आणि या वेळी सासूबाईही येते म्हणाल्यात.